तळहाताएवढा डेंट

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला आता वैताग आला आहे. नागपूरला, बेसा भागातल्या आमच्या लेआउटमध्ये कुणाकडे नवी गाडी आली की माणूस आधी देवळात जातो, नारळ फोडतो आणि तिथून पेढ्यांचा डबा घेऊन थेट माझ्या फाटकाशी येतो. "काका, तुमची जिंदगी यातच गेली. शोरूमवाला म्हणून राहिला का वरून थोडे पैसे भरा, वर्षभर गाडीचे डेंट फुकटात काढून देतो. घेऊ का?" मी म्हणतो, नका घेऊ. मग तो अर्धा तास मलाच समजावतो की घेणं कसं फायद्याचं आहे. अरे बाबा, घ्यायचंच होतं तर माझी दुपारची झोप कायले मोडली? पेढा तेवढा मी खाऊन घेतो.

म्हणून या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा" म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. एकदाचं लिहून टाकतो. यापुढे जो विचारायला येईल त्याच्या हातात अंक ठेवीन आणि आत जाऊन झोपेन. दुसरंही एक कारण आहे. अशाच योजनेचं एक कार्ड माझ्या शब्दावर एका म्हाताऱ्या माणसानं घेतलं होतं आणि त्यापायी तो जन्माचा अधू झाला. त्यात भैयाजींचा जेवढा दोष, तेवढाच माझा, कदाचित थोडा जास्तच. भैयाजी कोण ते पुढे येईल.

मी डेंटर. म्हणजे गाडीचा चेपलेला पत्रा सरळ करणारा. इंजिनवाल्या मिस्त्रीला लोक चहा विचारतात, आम्हाला ठोकपीटवाले म्हणतात. आमचं काम असं, की चेपलेल्या पत्र्याच्या मागे एका हातानं लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा धरायचा, त्याला डॉली म्हणतात, आणि पुढून दुसऱ्या हातानं हातोडी चालवायची. आतून एक दणका दिला की डेंट बाहेर येतो असं ज्याला वाटतं त्यानं घरच्या ताटावर करून पाहावं. पत्र्यानं मार खाल्ला की तो ताणला जातो. ताणलेला पत्रा पसरतो आणि मग तो जागेवर बसत नाही, बोटानं दाबला की तेलाच्या डब्यासारखा टपटप वाजतो. अशा वेळी गॅसच्या बत्तीनं तेवढाच ठिपका लाल करायचा, हातोडीनं बसवायचा आणि ओल्या फडक्यानं विझवायचा, म्हणजे तो आकसतो. शेवटी लांबी, म्हणजे पुट्टी, मग घासकाम, मग रंग. चांगला डेंटर लांबी कमी लावतो. जास्त लावतो तो डेंटर कसला, तो गिलावा करणारा गवंडी.

आणि काम झालं की नाही हे डोळ्यानं तपासायचं नाही. डोळा रंगाला भुलतो. पत्र्यावर मऊ फडकं टाकायचं, त्यावर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटून हात फिरवायचा. माझ्या हाताला जे कळायचं ते भल्याभल्यांच्या डोळ्यांना दिसायचं नाही. बढाई वाटली तर वाटू द्या, खोटी नाही.

तर सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कामठी रोडवर भैयाजींच्या गॅरेजात हेड डेंटर होतो. भैयाजी आमचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण दर पावसाळ्यात त्याच्या डोक्यात एक नवी आयडिया उगवायची. एका वर्षी त्यानं गाडी धुवायला आणणाऱ्याला संत्र्याचा रस पाजायचं काढलं. गॅरेजात गांधीलमाश्या झाल्या, रंगाच्या ओल्या बोनटवर चिकटून मेल्या, आणि त्या उचकटत मी बसलो. आयडिया त्याची, निस्तरायची मी, अशी आमची वाटणी होती.

त्याच्या मेव्हण्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं वार्षिक कार्ड काढलं, वर्षातून एकदा पैसे भरा आणि रेडिओ कितीदाही बिघडो, चिंता नाही. भैयाजी ते पाहून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे बदलायच्या आतच त्यानं मला गाठलं.

"दामोदर, आपण डेंटचं कार्ड काढू."

"भैयाजी, रेडिओ घरात टेबलावर बसून राहते. गाडी इतवारीच्या गल्लीत जाते."

"तू दिमाग नको लावू. मले एवढंच सांग, तासाभरात निघते असा डेंट केवढा राहते?"

मी हात पालथा करून समोरच्या बोनटवर ठेवला. "एवढा."

झालं. त्या एका शब्दानं मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. पिवळ्या कार्डावर छापून आलं की वर्कशॉपच्या हेड मिस्त्रीच्या तळहाताखाली झाकला जाईल असा कोणताही डेंट वर्षभर मोफत काढून मिळेल. भैयाजीनं कागदावर माझा हात ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून घेतली होती, ते चित्रही कार्डाच्या मागे छापायला दिलं. छापखान्यावाल्यानं कार्डात बसावं म्हणून ते लहान केलं. आता छापून आला तो हात सात वर्षांच्या पोराचा. मी म्हणालो, भैयाजी, हे काय? तो म्हणाला, "हात तं हात हाये. लोकाइले समजते."

लोकांना काय समजतं ते पुढच्या आठवड्यापासून मला समजायला लागलं. छापलेला हात खरा की माझा खरा, यावर रोज एक भांडण. शेवटी भैयाजीनं निकाल दिला की जिवंत हात खरा. म्हणजे मी हजर असेन तरच डेंट कार्डात बसतो की नाही ते ठरणार. एकदा मला मलेरिया झाला आणि मी चार दिवस घरी पडलो, तर तीन जण गाड्या घेऊन आमच्या दाराशी. मी घोंगडी पांघरून, दात वाजत, बाहेर येऊन मडगार्डावर हात ठेवतो आहे, आणि शेजारपाजारचे बघताहेत. बायको म्हणाली, "आता तुमचा हातच पाठवून देत जा वं बाई यांच्याकडं, तुम्ही घरी राहा." मला चिडवायचं असलं की ती मुद्दाम असं, बाईमाणसाशी बोलावं तसं, "वं बाई" म्हणायची.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते धंतोलीच्या एका वकीलसाहेबांनी. त्यांच्या फियाटचं मागचं दार कुणीतरी ठोकलं होतं. खड्डा चांगला परातीएवढा. मी हात ठेवला, चहूबाजूंनी खड्डा बाहेर. "साहेब, हे कार्डात बसत नाही."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "मिस्त्री, तुम्ही हात इथे ठेवलात. आता उचला आणि त्याच्या बाजूला ठेवा."

मी ठेवला.

"हा दुसरा डेंट. आता खाली ठेवा. हा तिसरा. हे तीन डेंट आहेत. तिन्ही तुमच्या हाताखाली झाकले जातात. एका वेळी एकदाच हात ठेवायचा असं कार्डावर कुठे आहे?"

भैयाजीनं कार्ड उलटसुलट वाचलं. नव्हतं. दोन दिवस मी ते दार करत बसलो आणि वकीलसाहेब रोज संध्याकाळी येऊन "दुसऱ्याचं कुठवर आलं?" असं विचारून जायचे. वर त्यांनी ही युक्ती कोर्टाच्या बाररूममध्ये सांगितली. पुढच्या महिन्यात नागपुरातले अर्धे वकील पिवळं कार्ड घेऊन आले, आणि माझा तळहात त्यांच्या गाड्यांवरून चिखलात उमटलेल्या पावलांसारखा पुढे पुढे सरकत राहिला.

उलट्या टोकाची माणसंही होती. एका कॉलेजातल्या प्रोफेसरांच्या पत्नी. त्यांची गाडी वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवलेली, तिला ओरखडाही नाही. कार्डाची मुदत संपायला आठ दिवस राहिले तेव्हा बाई रिक्षातून आल्या, पिशवीतून पितळेचा गंज काढला आणि माझ्यापुढे ठेवला. गंज म्हणजे स्वयंपाकाचं मोठं पातेलं, तळाला पोचा आलेलं. म्हणाल्या, "आमच्या गाडीला काही झालंच नाही हो. मग निदान हा तरी काढून द्या. कार्ड वाया जातंय." मी म्हटलं, बाई, हे गाडीचं कार्ड आहे. त्या म्हणाल्या, "अहो, पण पोचा तळहाताएवढाच आहे. ठेवून बघा ना." आणि खरंच होता. मी काढून दिला. भैयाजी आतून पाहत होता, तो म्हणाला, "आता तू कल्हईबी करून देजो." मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. अशा योजनेत राम आहे का? माझं मत विचाराल तर नाही. जो डेंट कार्डात बसतो त्याच्यासोबत तुम्ही खुशाल जगू शकता, गाडी त्यानं थांबत नाही. ज्या डेंटनं तुमची झोप उडते तो कधीच कार्डात बसत नाही, कारण कार्ड काढणाऱ्यानं तो आधीच बाहेर ठेवलेला असतो. बाहेर काय काय आहे ते बारीक अक्षरात असतं आणि ते कुणी वाचत नाही. आमच्या कार्डात पत्र्याच्या कडा नव्हत्या, बिजागऱ्या नव्हत्या, दाराचे खांब नव्हते, खटके नव्हते. दिसतं ते सगळं होतं, धरून ठेवतं ते काहीच नव्हतं. शिवाय कार्ड खिशात असलं की माणूस बेफिकीर होतो. "लागू दे, कार्ड आहे" म्हणून बर्डीच्या बाजारगर्दीत गाडी घुसवणारे मी पाहिले आहेत.

पण याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे आणि ती मला आबाजींमुळे कळली. कार्ड आलं की मिस्त्रीही कार्डापुरतंच बघायला लागतो.

आबाजी आमच्या पाचपावलीतल्या मोहल्ल्यातले. जन्मभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले, एका कानानं कमी ऐकू यायचं. त्यांचा मुलगा त्यांच्या घराण्यातला पहिला डॉक्टर. त्यानं नागपूरजवळच्या कुही गावात दवाखाना काढला. राहायचा नागपुरात आणि रोज जायचा-यायचा, म्हणून एक जुनी अॅम्बेसेडर घेतली. आबाजी रोज त्याच्यासोबत जात. पुढच्या सीटवर डावीकडे बसायचे, आणि कुहीला दवाखान्याच्या ओट्यावर बसून पेशंटचे नंबर लावायचे. धान विकायला आलेली माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळ्यांची ते चौकशी करत. मुलगा आत सुई टोचतो आहे आणि बाप बाहेर सांगतो आहे, "काही नाही होत वं, मुंगीवानी चावते." तिकडचे लोक त्यांना मोठे डॉक्टर म्हणत.

गाडी ते रोज सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे. तिच्यावर एक चरा पडला की त्यांना जेवण जात नसे. मी एकदा म्हटलं, आबाजी, गाडी म्हटली की लागायचंच. ते म्हणाले, "तुले नाही समजत दामोदर. आमच्यातल्या पोरानं गाडी घेतली का लोक पयले तिचा डेंटच पायतात गा."

एक दिवस ते गॅरेजात आले, पिवळं कार्ड हातात धरून उलटं-सुलटं पाहिलं आणि मला विचारलं, "हे घेऊन घेऊ का? तू सांग."

मी म्हणालो, "घ्या."

का म्हणालो, याचा मी फार विचार केला आहे. त्या महिन्यात कार्डं खपत नव्हती आणि भैयाजी माझ्याकडे बघत उभा होता, हे एक. आणि खरं सांगायचं तर कार्डावर माझा हात छापलेला होता, लहान का असेना. डेंटरचा हात कुठे छापून येतो? मला त्याचा अभिमान होता. आबाजींनी बारीक अक्षरं वाचली नाहीत. मीही वाचून दाखवली नाहीत.

पहिले सहा-सात महिने कार्डाचं सोनं झालं. दोन-तीन लहान डेंट मी काढून दिले, आबाजींनी मोहल्लाभर माझं कौतुक केलं. मग दसऱ्याच्या चार दिवस आधी कुहीच्या बाजारात उभ्या गाडीला बंडी लागली. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. बैल बुजले, बंडी मागे सरकली आणि तिचं लाकूड डाव्या बाजूच्या पुढच्या दाराच्या मागच्या कडेवर बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी गॅरेजात सोडून बसनं कुहीला गेला, आणि आबाजी गाडीतून उतरले ते रडवेले होऊन.

"दामोदर, दसऱ्याच्या आत होईन का गा? माही बहीण येऊन राहिली. तिले गाडीतून दीक्षाभूमीवर न्यायचं हाये."

छप्पन साली आबाजी त्या मैदानावर पायी गेले होते, हा मुलगा तेव्हा खांद्यावर होता. बहीण सोबत होती. आता तीच थकलेली बहीण त्याच मुलाच्या गाडीतून नेण्याची त्यांची इच्छा होती. हे सगळं त्यांनी मला उभ्याउभ्या दोनदा सांगितलं.

मी पत्र्यावर हात ठेवला. डेंट तळहाताखाली पूर्ण झाकला. आबाजींच्या तोंडावर हसू आलं. मग मी दार उघडून लावलं आणि माझा मात्र चेहरा उतरला. नीट दार लागताना एकच भरीव आवाज येतो. हे खळ्‌कन लागत होतं. वाकून पाहिलं. मार पत्र्यावर थांबला नव्हता. पुढच्या आणि मागच्या दारांमधला जो खांब असतो, ज्यात दाराचा खटका अडकतो, तो खांबच बोटभर आत गेला होता. खटका पुरता अडकत नव्हता, नुसत्या टोकावर टेकून राहत होता.

मी भैयाजीला बाजूला घेतलं. "सीट काढा लागते, आतून जॅक लावून खांब बाहेर दाबा लागते. तीन दिवस तरी जातात."

"खांब कार्डात हाये का?"

"नाही."

"मंग ते काम वेगळं, त्याचे पैसे वेगळे, अन् दसऱ्याच्या आधी होत नाही. म्हाताऱ्याचा सण काहून खराब करतो? दार लागते ना?"

"लागते."

"मंग कार्डात हाये तेवढं कर."

भैयाजीवर ढकलून मी मोकळा होऊ शकतो, पण होणार नाही. आबाजी पाच पावलांवर स्टुलावर बसून चहा पीत होते. तोंड उघडायला मला कुणी मना केलं नव्हतं. पण सांगितलं असतं तर गाडी दसऱ्याला माझ्याच गॅरेजात उभी राहिली असती, आणि त्या माणसाचा तो चेहरा मला बघवला नसता. शिवाय कार्ड घ्या म्हणणारा मीच होतो. "हे यात बसत नाही" हे वाक्य मी वकिलांना दिवसातून दहा वेळा ऐकवत होतो, आबाजींना ऐकवायला जीभ रेटेना.

म्हणून मी डेंट काढला, आणि असा काढला की तसं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. लांबी नावाला लावली. रंग असा जुळवला की मलाच जागा सापडेना. खांब आत गेल्यामुळे दाराच्या कडेची फट तिरकी दिसत होती. तेवढी एक खूण राहिली होती. तीही मला सहन झाली नाही. बिजागरीखाली एक पातळ चकती घालून मी दार किंचित सरकवलं आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी केली. दिसायला दार नवं झालं. खटका मात्र त्या चकतीनं आणखी थोडा सुटला होता, आणि हे मला माहीत होतं.

गाडी देताना मी आबाजींना म्हणालो, "दार जरा जपून लावजा."

"हे तू सांगाचं काय गा? लेकरावानी जपतो मी तिले."

दसरा छान झाला. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो तेव्हा गाडी समोरून गेली. मागे बहीण बसली होती, पुढे आबाजी, पांढऱ्या टोपीत, कोपर खिडकीवर. मला पाहून त्यांनी हात केला आणि मग दारावर थाप मारून दाखवली. मी हसलो. त्या वेळी मनात भीती होती, पण कामाचा आनंद तिच्याहून मोठा होता, हे कबूल करतो. दसरा झाला की गाडी बोलावून घेऊ, खांब गुपचूप दाबून देऊ, असंही मी मनाशी ठरवलं होतं. सणानंतर गॅरेजात गाड्यांची रीघ लागली. आज बोलावू, उद्या बोलावू म्हणत पंधरा-वीस दिवस गेले.

कुहीच्या रस्त्यावर एक उजवं वळण आहे. त्या वळणावर गाडी डावीकडे झुकली, आबाजींचा भार दारावर गेला आणि दार उघडलं. वेग कमी होता म्हणून जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरनं आपल्याच बापाला रस्त्यावरून उचललं, मागच्या सीटवर घातलं, आणि ते दार दोरीनं बांधून गाडी नागपूरला मोठ्या दवाखान्यात आणली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर गॅरेजात आले. मी शिव्या खायच्या तयारीनं उभा होतो. शिव्या आल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "मिस्त्री, हे दार उघडलं कसं?"

मी म्हणालो, "खटका झिजला असन साहेब. जुनी गाडी हाये."

भैयाजीनं मान हलवली. डॉक्टरांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी रोज चालवतो. मला कळायला पाहिजे होतं." आणि चावी माझ्या हातात देऊन पायी निघून गेले.

मी त्याच दिवशी सीट काढली, खांब दाबला, चकती फेकून दिली. दार पूर्वीसारखं भरीव आवाजात लागायला लागलं. नवा खटका बसवला असं सांगून मी गाडी परत केली. पैसे घेतले नाहीत, म्हणून डॉक्टरांनी मलाच धन्यवाद दिले.

आबाजींकडे जायला मला दोन महिने लागले. ते घरी आले होते, खाटेवर पडून होते, पाय लाकडाच्या फळीसारखा ताठ. मला पाहून खूश झाले. उशीखालून पिवळं कार्ड काढलं. "याची मुदत सरून राहिली दामोदर. नवं करून आणून दे. अरे, एवढं झालं, पण दार पाह्य तू कसं दिसते. नखाएवढी निशाणी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवतो मी."

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. खांब, चकती, भैयाजीचं बोलणं, माझं गप्प बसणं. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायलाही जागा नव्हती.

त्यांनी कार्ड पुन्हा उशीखाली सारलं. मग म्हणाले, "तू मले म्हणला होता, जपून लावजा म्हून."

"म्हणालो होतो."

"म्या समजलो, रंग वला हाये म्हून म्हणून राहिला."

आतून सुनेनं चहा आणला, तो त्यांनी मला घ्यायला लावला. ती आत गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पोराले नको सांगू. तो तुह्याकडं गाडी टाकनं बंद करीन. अन् दुसऱ्याच्या हातचं काम मले पसंत पडत नाही."

ते कार्ड मी नवं केलं नाही. योजना तर त्याच वर्षी बंद पडली, तीही आबाजींमुळे नव्हे, वकिलांमुळे. आबाजी काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले, पण कुहीला पुन्हा गेले नाहीत. ओट्यावरची त्यांची जागा रिकामी राहिली आणि पेशंट आपसांत भांडून नंबर लावू लागले. गाडी शेवटपर्यंत माझ्याकडेच येत राहिली. आबाजी पुढे आठ-नऊ वर्षं जगले.

मी त्यांचा शब्द पाळला. मोठेपणा म्हणून पाळला असं कुणी समजू नये, तो पाळणं माझ्या सोयीचं होतं. डॉक्टर आता थकले आहेत, दवाखाना मुलीनं सांभाळला आहे. अधूनमधून भेट होते. बोलता बोलता विषय वडिलांवर येतो आणि ते म्हणतात, "ते माझ्यामुळं झालं मिस्त्री. रोज त्याच गाडीत बसायचो, आणि एवढा खटका मला दिसला नाही." हे मी त्यांच्या तोंडून चारदा ऐकलं आहे. चारही वेळा मी "जाऊ द्या साहेब" म्हणालो आहे.

हा दिवाळी अंक त्यांच्याकडे दरवर्षी येतो, हे मला ठाऊक आहे.

डॉक्टरसाहेब, खटका झिजलेला नव्हता.